सरासरीत हरवलेले चेहरे

हरवलेली मुले शोधण्यासाठी दिल्ली पोलीस वापरत असलेल्या चेहरा-ओळख प्रणालीची अचूकता एक टक्क्याहूनही कमी आहे आणि मुलगा कोण, मुलगी कोण हेही तिला कळत नाही, अशी माहिती २०१९ मध्ये केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयानेच दिल्ली उच्च न्यायालयाला दिली. मग या यंत्राची परीक्षा कोणी घेतली होती, आणि कोणत्या चेहऱ्यांवर?

अशी परीक्षा छायाचित्रांच्या संचावर होते. संच एकांगी असेल, तर निकालही फसवा. जॉय बुओलाम्विनी आणि टिमनिट गेब्रू यांनी २०१८ मध्ये हेच दाखवले. ‘एडियन्स’ या प्रचलित संचात ८६.२ टक्के चेहरे उजळ वर्णाचे होते. त्यांनी आफ्रिका व युरोपातील सहा देशांच्या १,२७० संसद सदस्यांच्या छायाचित्रांचा नवा संच केला आणि तीन कंपन्यांच्या प्रणाली त्यावर तपासल्या. उजळ वर्णाच्या पुरुषांचे लिंग ओळखण्यात जास्तीत जास्त ०.८ टक्के चुका झाल्या. सावळ्या-काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत. हे अंतर सरासरीने झाकले होते.

आपल्याकडेही २०२१ मध्ये निवडणूक उमेदवारांच्या ३२ हजारांहून अधिक छायाचित्रांवर अशी तपासणी झाली. भारतीय स्त्रियांच्या बाबतीत एका प्रणालीची चूक १४.६८ टक्के निघाली.

बुरखा, हिजाब किंवा डोक्यावरून पदर घेणाऱ्या आपल्या आयाबहिणी अशा संचांत किती असतात, हे विचारण्याचा आपल्याला हक्क आहे. तृतीयपंथीयांचा प्रश्न तर त्याहून मूलभूत आहे. आपली लिंगओळख स्वतः ठरवण्याचा अधिकार सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये मान्य केला. या प्रणालींकडे मात्र दोनच रकाने आहेत. चेहरा पाहून हे ठरवणारे यंत्र कोण?

संचात आपले चेहरे वाढले की प्रश्न मिटला, असेही नाही. अचूक यंत्रसुद्धा एखाद्या वस्तीवर विनाकारण नजर ठेवण्यासाठी वापरता येते. म्हणून मागणी दुहेरी हवी. सार्वजनिक पैशाने अशी प्रणाली घेण्यापूर्वी तिची परीक्षा कोणत्या चेहऱ्यांवर झाली आणि कोणत्या समाजगटाबाबत किती चुका झाल्या, हे जाहीर व्हावे. आणि त्याआधी, तिची गरजच काय, याचे उत्तर नागरिकांना मिळावे. हा केवळ मुस्लिमांचा प्रश्न नाही. सरासरीत हरवणाऱ्या प्रत्येकाचा आहे.