हिवाळ्यातल्या कुंडीला वास हवा

पारिजातकाचा सडा दिवाळीच्या आसपास आटतो आणि मोगऱ्याची कळी गुढीपाडव्याच्या सुमाराला धरते. मधल्या महिन्यांत पिंपरी-चिंचवडच्या गॅलऱ्यांत आणि गच्च्यांवर रंगाला तोटा नसतो. दरवळ मात्र एखाद्या देशी गुलाबाच्या किंवा शेवंतीच्या कुंडीपुरता उरतो. याच दिवसांत आपल्याकडची हवा जड होते, थंडीने धूर आणि धूळ खाली बसते आणि सकाळी ऊन चढेपर्यंत हलत नाही. म्हणजे चांगल्या वासाची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच तो मिळत नाही. ही उणीव भरून काढणारे फूल दरवर्षी आपल्या नर्सऱ्यांत येते. त्याचे नाव डायंथस. दुर्दैवाने ते येते बिनवासाच्या जातीत, आणि तेही उशिरा.

मी भोसरीच्या एमआयडीसीत गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कारखान्यात इन्स्पेक्शनला होते. आमचे हे चाकणला मशिन शॉपमध्ये. तिन्ही शिफ्ट आमच्या घराने पाहिल्या आहेत. कुलंटचा वास कपड्यांतून जातो, नाकातून लवकर जात नाही, हे या पट्ट्यातल्या कोणत्याही घराला सांगावे लागणार नाही. म्हणून फुलांच्या वासाला मी चैन समजत नाही. थर्ड शिफ्ट करून सकाळी घरी आलेल्या माणसाने चहाचा कप घेऊन गॅलरीत उभे राहावे आणि तिथे लवंगेचा गोडसर वास असावा, एवढे या शहरात प्रत्येक घराला मिळायला हवे.

लवंगेचा म्हणते तो उपमेसाठी नाही. कार्नेशन हाही डायंथसच, आणि त्याच्या जुन्या, वासाच्या जातींत युजेनॉल नावाचे द्रव्य असते. लवंगेच्या तेलात मुख्यतः तेच असते. सकाळचे ऊन लागलेले फूल नाकाजवळ धरून पाहा. पाकळ्यांच्या कडा कातरलेल्या, पाने निळसर राखाडी, त्यांवर मेणासारखा थर, आणि दांड्यावर उसासारखी फुगीर पेरे. वास पहिल्यांदा गोड लागतो, मग त्यातला मसाला कळतो.

आता नर्सरीत जा. डिसेंबरच्या शेवटी काळ्या पिशव्यांत फुललेली रोपे रांगेने मांडलेली असतात. "ताई, लाल देऊ की गुलाबी?" हाच पहिला प्रश्न. "दादा, यातल्या कुठल्याला वास आहे?" असे विचारले की तो माणूस क्षणभर बघत राहतो, मग म्हणतो, "वासाचं कुणी विचारत नाही, ताई." त्याचे खरे आहे. ही रोपे बहुतेक डायंथस चायनेन्सिसच्या ठेंगण्या संकरित जातींची असतात. ती रंगाला आणि आटोपशीर वाढीला निवडलेली, त्यामुळे वास नाही किंवा नसल्यासारखा. शिवाय त्या इवल्याशा पिशवीत मुळे गुंडाळून बसलेली असतात. घरी आणून महिनाभर फुले दिली की रोप दमते, आणि लोक म्हणतात, हे झाड आपल्याकडे टिकत नाही.

टिकते. आपल्या जिल्ह्यातच त्याचा पुरावा आहे. तळेगावच्या फ्लोरिकल्चर पार्कमध्ये आणि मावळातल्या पॉलिहाऊसमध्ये गुलाब आणि जरबेऱ्याबरोबर कार्नेशन घेतले जाते. लाल माती, शेणखत आणि भाताचे तूस मिसळून केलेले उंच गादीवाफे, दांडे सरळ राहावेत म्हणून एकावर एक ताणलेल्या जाळ्या, खाली ठिबक. तळेगावच्याच राष्ट्रीय सुगीपश्चात तंत्रज्ञान संस्थेत शेतकऱ्यांना या शेतीचे शिक्षण मिळते. पण फूलबाजारात वीस दांड्यांची जुडी उचलून वास घ्या. बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. कापून विकायच्या फुलाची निवड जगभर दांड्याची लांबी, पाकळ्यांची संख्या आणि फुलदाणीत किती दिवस टिकते यावर होत गेली, आणि त्या भानगडीत वास मागे पडला. शेतकऱ्याला दोष नाही, बाजार त्याला वासाचे पैसे देत नाही. तोच नियम आपण घरच्या कुंडीला लावतो, तो मात्र चूक आहे. कुंडीतल्या फुलाला कुठे विमानाने जायचे असते?

कामगारांनी हे फूल वाढवल्याचा एक जुना दाखला आहे. स्कॉटलंडमधल्या पेझली या गावी अठराव्या शतकाच्या शेवटी हातमागावर बसणाऱ्या विणकरांनी डायंथसच्या नव्या जाती तयार केल्या. आपल्या कोयरीची नक्षी ज्या शालींमुळे युरोपभर गेली, त्या विणणारे हेच गाव. पांढऱ्या किंवा फिक्या पाकळीला गडद रंगाची काठपट्टी, अशी फुले त्यांना हवी होती. माग घरातच, त्यामुळे कामातून उठून रोपांकडे बघता येई. त्यांची मंडळे होती, स्पर्धा होत. पुढे यंत्रे आली, गाव धुराने काळवंडले, आणि त्या जातींपैकी बहुतेक आज उरलेल्या नाहीत. दिवसभर हातांनी बारीक काम करणाऱ्या माणसांना या फुलाचा लळा लागला, यात मला नवल वाटत नाही. मायक्रोमीटर धरणारे हात आपल्याकडे घरोघरी आहेत.

लावायचे कसे, तेही सांगते. कार्नेशनच्या 'शाबो' जातीचे बी आपल्याकडे मिळते. ही फ्रान्समध्ये एकोणिसाव्या शतकात तयार झालेली वासाची जात. तिला बी टाकल्यापासून फुलायला पाच-सहा महिने लागतात, म्हणून गणपतीत बी पडले पाहिजे. पाऊस असतो, तेव्हा ट्रे आडोशाला ठेवावा. स्वीट विल्यम या दुसऱ्या डायंथसचा वास हलका, पण झुपक्याने येणारी फुले बघत राहावीत अशी. याचे बी घटस्थापनेला टाकावे, मात्र पहिल्याच वर्षी फुलणारी जात असल्याची खात्री करून. जुन्या जातींना कडक थंडीचा एक मोसम लागतो, तो आपल्याकडे नाही. बियांवर मातीचा पातळ थर पुरे, आठ-दहा दिवसांत कोंब दिसतात.

मातीचे मात्र ऐकाच. आपली काळी माती या झाडाला चुन्यामुळे मानवते, पण पाणी धरून ठेवल्यामुळे मारते. पोयटा, वाळू आणि कुजलेले शेणखत मिसळून पाणी झरझर खाली गेले पाहिजे. वरची बोटभर माती सुकली की मगच पाणी द्यावे. रोप वीतभर होण्याआधी शेंडा खुडावा, म्हणजे फुटवे येतात. मावा आणि लाल कोळी दिसला तर पानांच्या खालच्या बाजूने निंबोळी अर्क फवारावा. ऊन अर्धा दिवस तरी हवेच.

या पट्ट्यासाठी एक खास गोष्ट. कार्नेशनचे फूल इथिलीन वायूला फार हळवे असते. पिकलेल्या केळ्यांशेजारी फुलदाणी ठेवली की पाकळ्या आत वळतात, फूल झोपल्यासारखे होते. वाहनांच्या धुरातही इथिलीन असतो. त्यामुळे नाशिक रस्ता किंवा तळेगाव-चाकण रस्त्याच्या तोंडावरच्या गॅलरीपेक्षा सोसायटीच्या आतली बाजू किंवा गच्ची बरी.

आणि रोपे फेकू नका. 26 जानेवारीच्या तोंडावर चौकांत आणि कंपन्यांच्या गेटवर फुललेल्या कुंड्यांची आरास होते, फुले ओसरली की रोपे कचऱ्यात. हे मला बघवत नाही. पहिला बहर संपला की एक तृतीयांश छाटावे, थोडे खत द्यावे, महिना-दीड महिन्यात झाड पुन्हा फुलते. होळी-रंगपंचमीला दुसरा बहर असतो, आणि एप्रिलच्या उन्हापर्यंत तो चालतो. महापालिकेने आणि चाकणच्या कंपन्यांनी ही आरास एका दिवसाच्या झेंडावंदनापुरती न ठेवता बागेचे वर्षभराचे नियोजन करावे आणि रोपांच्या मागणीत वासाची अट लिहावी. सुमंत मुळगावकरांनी टेल्कोचा कारखाना या माळरानावर उभा करताना झाडे लावली, तळे केले. आपल्या पट्ट्याला ही गोष्ट नवी नाही.

नर्सरीवाल्यांना सांगणे इतकेच की रोपाच्या पाटीवर रंगाबरोबर वास आहे की नाही तेही लिहा. मागणी आम्ही करू. वाचकहो, शाबोचे बी आताच आणून ठेवा, गणपती बसले की ट्रे भरा, आणि नर्सरीत गेलात की पहिला प्रश्न वासाचा विचारा.