उंदीर नव्हे, जर्बिल!

"काऊन रे, पुण्यात पैशे देऊन उंदीर पाळतेत काय?"

घाटंजीहून रात्रभर ट्रॅव्हल्सनं आलेल्या बाबांनी तूरडाळीची पिशवी खाली ठेवायच्या आधी हा प्रश्न टाकला. नजर माझ्या हॉलमधल्या काचेच्या टाकीवर.

"उंदीर नाही बाबा, जर्बिल. आणि फुकट मिळालेत."

ऑफिसातला मित्र ऑनसाइटला गेला आणि जाताना दोघा भावांना माझ्या गळ्यात मारून गेला. जय आणि वीरू. म्हटलं, कुत्रा फिरवायला वेळ नाही, मांजर घरमालकाला चालत नाही, हे बरंय! चार-पाच इंचांचं अंग, जवळपास तेवढीच केसाळ, टोकाला झुबका असलेली शेपटी. वजन शंभर ग्रॅमच्या आत-बाहेर, म्हणजे तुमच्या मोबाइलच्या निम्मंच. मूळ कोरड्या मुलखातलं असल्यानं पाणी कमी पितात, त्यामुळे वासही कमी. १९३५ मध्ये मंगोलियातून पकडलेल्या काही जोड्या जपानच्या प्रयोगशाळेत गेल्या, १९५४ मध्ये तिथून अमेरिकेत, आणि मग घराघरांत.

स्वभाव? एकदम सॉलिड! उगाच चावत नाहीत. दिवसा-रात्री थोडं झोप, थोडं खोद, अगदी आपल्या शिफ्टसारखं. पुठ्ठ्याचा खोका द्या, तासाभरात भुगा. धोका वाटला की मागचे पाय आपटून धप-धप करतात. मिक्सर लावला की आमच्याकडे हाच गजर. फक्त शेपटीला धरून उचलू नका, तिची कातडी सोलून हातात येते.

बाबा टाकीपाशी वाकले. "अरे, असा गोंडेवाला आपल्या वावरात असते. याच्याहून मोठा, रातीचा निंगते."

बरोबर होतं. भारतीय जर्बिल आपल्याकडे शेतांत, माळांवर बिळं करून राहतो आणि दिवसा बिळाचं तोंड मातीनं बुजवून घेतो. हार्डविक नावाच्या इंग्रजानं १८०७ मध्ये त्याची शास्त्रीय नोंद केली. बाबांची ओळख मात्र पऱ्हाटीतली. तो रानातला, रानातच बरा. पाळतात तो मंगोलियाचा.

"पण हा एकटाच काऊन?"

इथे मी गप्प झालो. जर्बिल साधारण तीन ते चार वर्षं जगतो. मित्रानं हे सांगितलं नव्हतं, मीही विचारलं नव्हतं. साडेतीन वर्षांचा जय महिन्याभरापूर्वी गेला (हो, पिक्चरसारखाच). तेव्हापासून वीरू खोदत नव्हता, कोपऱ्यात नुसता बसून असायचा. जर्बिल कळपातला प्राणी, एकटेपणा त्याला मानवत नाही. बरं, नवा जोडीदार आणून थेट सोडावा तर परक्याशी जीव जाईस्तोवर भांडतो. मध्ये जाळी लावून, रोज जागा बदलून, वासाची सवय होईपर्यंत थांबावं लागतं.

"जोडी तुटली का असंच होते," बाबा म्हणाले. आई जाऊन दोन वर्षं झालीत. घाटंजीच्या घरात ते एकटेच असतात.

पुढचे चार दिवस मी ऑफिसात आणि बाबा टाकीपाशी. तिसऱ्या दिवशी वीरू त्यांच्या तळहातावर बसून सूर्यफुलाची बी सोलत होता. "रोज एक-दोनच द्या हां, लठ्ठ होतो," मी सांगितलं. त्यांनी नक्कीच जास्त दिल्या.

तेव्हा दोस्तहो, जर्बिल घ्यायचाच असेल तर दोन घ्या, एकाच बिळातले, एकाच लिंगाचे. आणि घेण्याआधी पुढची चार वर्षं मोजा. त्यात तुमचं ऑनसाइट, लग्न, बदली सगळं येतं.

आता बाबांचा रोज फोन येतो. "वीरू जेवला काय?" जेवला, म्हणतो मी. मग मी विचारतो, "आणि तुम्ही?"

वीरूच्या जाळीपलीकडे आता एक नवा पाहुणा आलाय. आणि माझं या शुक्रवारचं घाटंजीचं तिकीट निघालंय.