एका म्यानांत दोन तलवारी

शाळेच्या पटांगणावर बास्केटबॉलचा खेळ चालू असतां कडेला जे वादविवाद कानीं पडतात, त्यांपैकीं एक आम्हांस विशेष विचारार्ह वाटला. अमेरिकेंतील सामन्यांचीं वृत्तें आवडीनें वाचणारे आमचे विद्यार्थी दोन नामांकित खेळाडूंचीं नांवें घेतात आणि विचारतात कीं, हे दोघे एकाच संघांत आले तर तो संघ अजिंक्य ठरेल कीं ते एकमेकांस अडचण होतील? बहुतेकांचें उत्तर ठरलेलें असतें: एका म्यानांत दोन तलवारी राहत नाहींत. आतां हाच न्याय शाळेच्या संघासही लागूं लागला आहे. दोन उत्तम खेळाडूंपैकीं एकास वगळावें, म्हणजे दुसऱ्याचा खेळ फुलेल, असें विद्यार्थीच नव्हे, तर कांहीं पालकही आम्हांस सुचवूं लागले आहेत. म्हणून या प्रश्नाचा येथें थोडा ऊहापोह करणें अगत्याचें वाटतें.

म्हण अगदींच खोटी आहे असें आम्ही म्हणत नाहीं. जेम्स नायस्मिथ यांनीं १८९१ सालीं स्प्रिंगफील्ड येथें हा खेळ काढला, तेव्हांपासून चेंडू एकच आहे. आणि एकाच्या हातीं तो असला म्हणजे दुसऱ्याच्या हातीं नसतो. शॅकिल ओनील व कोबी ब्रायंट या दोन महारथींनीं लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघास २०००, २००१ व २००२ अशीं लागोपाठ तीन वर्षें अजिंक्यपद मिळवून दिलें. पण त्यांचा बेबनावही जगजाहीर होता, आणि २००४ सालीं ओनील दुसऱ्या संघांत गेले. म्हणीचे अभिमानी २००४ सालाकडे बोट दाखवितात. आम्हांस मात्र आधींचीं तीन वर्षें अधिक बोलकीं वाटतात.

परंतु इतकें दूर जाण्याचें कारणच काय? विजय हजारे यांचा जन्म १९१५ सालीं आमच्या सांगलीसच झाला. त्यांच्या काळांत फलंदाजींत त्यांची बरोबरी करणारे मुंबईचे विजय मर्चंट होते. आणि या दोन विजयांपैकीं श्रेष्ठ कोण, हा त्या पिढीचा आवडता वाद होता. मुंबईच्या पंचरंगी सामन्यांत संघ धर्मावरून पाडलेले असत. मर्चंट हिंदूंच्या संघांत, आणि हजारे ख्रिस्ती असल्यामुळें शेष संघांत. खेळाडूंची अशी वांटणी महात्मा गांधींनाही पसंत नव्हती. १९४३-४४ च्या हंगामांतील अंतिम सामन्यांत मर्चंट यांनीं नाबाद २५० धावा केल्या व हिंदूंनीं ५ गडी बाद ५८१ वर डाव सोडला. शेष संघ पहिल्या डावांत १३३ धावांत आटोपला. दुसऱ्या डावांत संघाच्या ३८७ धावांपैकीं एकट्या हजारे यांच्या ३०९! त्यांचे बंधु विवेक यांनीं त्यांच्यासह ३०० धावांची भागीदारी केली. तींत विवेक यांचा वांटा अवघा २१ धावांचा होता. बंधूचें हें टिकून राहणें आम्हांस त्या ३०९ धावांइतकेंच कौतुकास्पद वाटतें. तरीही शेष संघ एक डाव व ६१ धावांनीं हरला. दुसऱ्यास वगळल्यानें एकाचा खेळ फुलतो तो असा. आणि संघाचें होतें तें असें.

आतां उलट चित्र पाहा. १९४७ च्या मार्च महिन्यांत बडोद्यास रणजी करंडकाचा अंतिम सामना होळकर संघाविरुद्ध झाला. बडोद्याचे तीन गडी ९१ धावांत बाद झाले असतां हजारे व लाहोरचे गुल महंमद एकत्र आले आणि त्यांनीं चौथ्या गड्यासाठीं ५७७ धावा जोडल्या! गुल महंमद ३१९, हजारे २८८. हा जागतिक उच्चांक २००६ पर्यंत अबाधित होता. पांच महिन्यांनीं देशाची फाळणी झाली. तिच्या तोंडावर सांगलीचा ख्रिस्ती व लाहोरचा मुसलमान एका गुजराती राजधानींत एकमेकांच्या हाकेस ओ देत धांवत होते, हें आमच्या विद्यार्थ्यांनीं अवश्य ध्यानांत घ्यावें.

आणि दोन विजयांचें काय? १९५१ च्या नोव्हेंबरांत दिल्लीस इंग्लंडविरुद्ध कसोटी सामना झाला. कप्तान हजारे होते. त्यांच्याहून वयानें वडील असलेले मर्चंट त्यांच्या हाताखालीं खेळले. दोघांनीं तिसऱ्या गड्यासाठीं २११ धावा केल्या. मर्चंट यांनीं १५४ धावा करून हजारे यांचा १४५ धावांचा भारतीय उच्चांक मागें टाकला, आणि त्याच डावांत हजारे यांनीं नाबाद १६४ धावा करून तो परत घेतला. सामना अनिर्णित राहिला हें खरें. पण चढाओढ थांबली होती असें कोण म्हणेल? ती चालूच होती. मात्र दोघांच्या धावा एकाच फलकावर चढत होत्या.

साताऱ्याचें उदाहरण तर अगदीं अलीकडचें आहे. २०२३ च्या ऑगस्टमध्यें बर्लिन येथें जागतिक धनुर्विद्या स्पर्धेंत कु. अदिती स्वामी, ज्योती सुरेखा वेण्णम व परनीत कौर यांनीं मेक्सिकोस २३५-२२९ असें हरवून सांघिक सुवर्णपदक मिळविलें. दुसऱ्याच दिवशीं वैयक्तिक उपांत्य फेरींत अदिती व ज्योती समोरासमोर उभ्या राहिल्या! सतरा वर्षांच्या अदितीनें अनुभवी ज्योतींना १४९-१४५ असें नमविलें व पुढें अंतिम फेरीही जिंकली. दोन महिन्यांनीं आशियाई क्रीडास्पर्धेंत ज्योतींना वैयक्तिक सुवर्ण व अदितीस कांस्य मिळालें, आणि सांघिक सुवर्ण पुन्हां दोघींच्याच संघानें आणलें. धनुर्विद्येंत चेंडू हिसकावण्याचा प्रश्न नाहीं हें कबूल. पण सहा बाणांस मिळून दोनच मिनिटें असतात, आणि पहिलीनें वेळ दवडला तर शेवटची घाईंत सापडते.

तेव्हां आमचें मत असें कीं, येत्या हंगामांत शाळेच्या संघांत त्या दोन्ही मुलांस घ्यावें. चेंडू कोणी पुढें आणावयाचा व टोपलीजवळ कोणी उभें राहावयाचें, हें शिक्षकांनीं सामन्यापूर्वीं ठरवून द्यावें. मैदानावर तें मुलांवर सोपवूं नये. त्यांच्यांत श्रेष्ठ कोण हें ज्यांस पाहावयाचें असेल, त्यांच्यासाठीं शनिवारीं दोघांस परस्परविरुद्ध संघांत उभें करून शाळेंतल्या शाळेंत सामना लावावा. पालकांनींही तेव्हां अवश्य यावें. मात्र घरीं जातांना आपल्या मुलानें किती गुण केले याबरोबरच त्यानें चेंडू किती वेळां दुसऱ्याच्या हातीं दिला, हेंही त्यास विचारावें.