स्थैर्य कीं नवें यंत्र?

खानदेशांतील कित्येक पालक पाल्यासाठीं नवा संगणक घेतात, त्यावर विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवितात, आणि वायफाय चाललें नाहीं कीं प्रणालीस नांवें ठेवितात. आमच्या मतें पुष्कळदां तें स्थैर्याचें मोल असतें.

१९९३ सालीं सुरू झालेल्या डेबियन प्रकल्पाची स्थिर आवृत्ति सुमारें दोन वर्षांनीं निघते. तत्पूर्वीं नवी भर थांबवून चुका शोधितात; पुढेंहि बहुधा दोषदुरुस्तीच होते. म्हणून ती भरंवशाची. पण मागाहून निघालेलें यंत्र ती ओळखीलच असें नाहीं. अशा वेळीं कर्नेल, म्हणजे यंत्राशीं व्यवहार करणारा गाभा, तेवढाच 'बॅकपोर्ट्स' विभागांतून नवा घेतां येतो. त्याची कसोटी मात्र कमी झालेली असते.

केळीचा शहाणा बागाईतदार नवें वाण प्रथम बागेच्या एका कोपऱ्यांत लावून पाहतो. तद्वत् शाळेच्या जुन्या संगणकांवर स्थिर आवृत्तीच असावी. प्रात्यक्षिक परीक्षेच्या दिवशीं प्रयोग नकोत. नवा गाभा ज्या यंत्रास हवा, त्यालाच द्यावा.

विद्यार्थिमित्रांनो, खरेदीपूर्वींच पेनड्राइव्हवरून प्रणाली चालवून पाहा. पारखून घेतलेल्या नव्याचें भय नाहीं.