दाखला मागताना बांधावरचं भांडण लपवू नका



सुगी आटोपली की गावची पोरं नोकरीसाठी पुण्याची वाट धरतात. कुणी कारखान्यात लागतो, कुणी सोसायटीच्या दारावर रखवालदार होतो. कामावर घेताना मालक म्हणतो, "पोलिसांचा दाखला आण." पोलिसांचं नाव काढलं की घरच्यांच्या पोटात गोळा येतो. घाबरू नका. हा चारित्र्य पडताळणीचा दाखला. तुमच्या नावावर पोलीस दप्तरी गुन्हा आहे का, एवढंच त्यात पाहतात. सुरक्षा संस्थांच्या रखवालदारांची अशी चौकशी तर २००५ च्या कायद्यानेच ठरवून दिली आहे.

आता अर्ज कुठे करायचा? जिथे राहता, त्या हद्दीत. इथेच पुष्कळांची फसगत होते. पुणे शहराला पोलीस आयुक्त १९६५ साली मिळाले. २०१८ मध्ये पिंपरी-चिंचवडचं आयुक्तालय वेगळं झालं आणि चाकण, आळंदी तिकडे गेली. लोणी काळभोर, लोणीकंद २०२१ मध्ये ग्रामीणमधून पुणे शहराकडे आली. बाकी जिल्हा पुणे ग्रामीण पोलिसांकडे. तेव्हा आपलं ठाणं कुणाच्या हद्दीत येतं, ते आधी विचारा. अर्ज संगणकावरून भरायचा असतो. ओळखीचा व पत्त्याचा पुरावा, फोटो आणि नोकरी देणाऱ्याचं पत्र जवळ ठेवा.

मुलगा आखातात किंवा दुसऱ्या देशी नोकरीला निघाला असेल, तर वाट वेगळी. तो दाखला पासपोर्ट कार्यालय देतं. अर्ज तिथे करायचा, चौकशी मात्र पोलीसच करतात. पुण्यात शिकायला राहिलेल्या परदेशी विद्यार्थ्याला असा दाखला हवा असेल, तर त्याने परदेशी नागरिकांच्या नोंदणी कार्यालयाकडे जावं.

आता मुद्द्याची गोष्ट. बांधावरून भावकीत जुंपली, काठी उगारली, ठाण्यात नोंद झाली, असं कोणत्या गावात घडत नाही? पुढे भाऊ एक झाले, लग्नकार्यात एका पंगतीला बसले, म्हणून दप्तरातली नोंद पुसली जात नाही. फॉर्मवर "गुन्हा दाखल आहे का?" असं विचारलं, तर "नाही" लिहू नका. सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग यांच्या खटल्यात सांगितलं, की नोकरीच्या वेळी दिलेली माहिती खरी असली पाहिजे. लपवाछपवी नोकरीवर बेतू शकते. गुन्हा किरकोळ असेल, तर मालकाला तो विचारात घेऊन पोराला ठेवता येतं. पण ठेवलंच पाहिजे असं नाही. तरीही खरं सांगणाऱ्याची बाजू भक्कम राहते.

कोर्टातून निर्दोष सुटला असाल, तर निकालाची नक्कल आजच काढून ट्रंकेत ठेवा. आणि "पैसे टाका, कोरा दाखला आणून देतो" म्हणणाऱ्याला दारातूनच वाटेला लावा. खोटा कागद हा नवा गुन्हा होतो.

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे खरंच. पण एकदा चढली असेल, तर पोराला ती लपवायला शिकवू नका.