जुन्या कर्नलचा अव्हेर नको

संपादक महाशय,


जुन्या लिनक्स कर्नलवर नवे व्हर्च्युअलायझेशन सॉफ्टवेअर चालते ठेवणे म्हणजे निव्वळ श्रमांचा अपव्यय होय, असा जो अभिप्राय गतांकातील पत्रलेखकाने दिला आहे, त्याचा सविनय प्रतिवाद करणे मी कर्तव्य समजतो.

कर्नलच्या अंतर्गत रचनेला स्थैर्याची हमी नसते, ही त्यांची तक्रार रास्त आहे. तथापि २००७ साली २.६.२० या आवृत्तीत केव्हीएम ही कर्नलची व्हर्च्युअलायझेशन यंत्रणा दाखल झाल्यानंतर, जुने कर्नल वापरणाऱ्यांसाठी ‘केव्हीएम-केमॉड’ या स्वतंत्र संचाने आवृत्त्यांमधील भेद एका अनुकूलन-थरात सामावून घेतले, आणि मूळ संहितेवर त्याचा भार पडू दिला नाही. शिवाय एखादी सोय कर्नलमध्ये उपलब्ध आहे की नाही, हे आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूएमूसारख्या प्रोग्रामला चालतेवेळीच विचारता येते. नसल्यास पुष्कळदा तिच्यावाचूनही निभावता येते.

जुन्या कर्नलचे उदाहरण घ्यायचे तर, २०१४ साली ३.१० कर्नलसह आलेल्या सेंटओएस ७ या लिनक्स वितरणाच्या आधाराची मुदत ३० जून २०२४ रोजी संपली. दशकभर ज्या पायावर दफ्तरांचा कारभार उभा राहिला, तो एका फर्मानासरशी बदलणे आमच्या चिकलठाणा-वाळूज औद्योगिक वसाहतींतील लघुउद्योजकास कसे परवडावे? मुदतबाह्य कर्नलमध्ये सुरक्षेचे दोष तसेच राहतात; तेव्हा त्यास अमर्याद आश्रय द्यावा, असे माझे म्हणणे नाही; आधाराची मुदत आगाऊ जाहीर व्हावी आणि तोवर ती निष्ठेने पाळली जावी, एवढीच मागणी आहे.

आपला,
एक वाचक
पुंडलिकनगर, छत्रपती संभाजीनगर