रस्ता कुणासाठी अडवायचा?

कोजागिरीला सोलापूर-तुळजापूर रस्ता मोटारींना बंद होतो. भवानीच्या दर्शनाला हजारो माणसे पायी निघतात, म्हणून एस. टी. आणि ट्रक दूरच्या वाटेने वळवतात. कोणी कुरकुरत नाही. चांगलेच आहे! पण एरवी रस्त्यावर डांबराचे काम निघाले, की थाट काय? दोन धोंडे, एक बाभळीची फांदी, तिला तांबडी चिंधी. झाला बंदोबस्त! बाई वाकून खडी पसरते आहे आणि तिच्या पाठीमागून भरधाव ट्रक.

नियम नाहीत असे कोणी म्हणू नये. इंडियन रोड्स काँग्रेसची पुस्तिका २००१ साली निघाली, २०१४ साली सुधारली. कामाच्या बरेच अलीकडे पाटी हवी, वाहनांना हळूहळू बाजूला घेणारी शंकूंची तिरकस रांग हवी, चुकलेली मोटार थांबावी म्हणून मोकळी जागा हवी, मजुराच्या अंगात लांबून चमकणारे जाकीट हवे. १९९६ च्या कायद्याने सहा वर्षांखालच्या पोरांसाठी खोलीही सांगितली होती; पण कामावर पन्नासांहून अधिक बाया असल्या तर! दहाजणींच्या टोळीचे पोर मग झोळीत, रस्त्याकडेच्या झाडाला.

कंत्राटदार म्हणतात, खर्च वाढतो. मग तो निविदेत वेगळा लिहा, आणि पाट्या-शंकू जागेवर दिसल्याखेरीज बिल मंजूर करू नका. मी मास्तर आहे. ज्या प्रश्नाला गुण नाहीत तो कोणी सोडवीत नाही, हे मला ठाऊक आहे. आणि काम चालू असेतो ती बाजू सरळ बंद ठेवा. कोजागिरीला मोटारी लांबून जातात, तेव्हा सोलापूरचे काय अडते?